पानावरची धूळ मोजली जाते, पानावरचे जीवाणू नाहीत

दिवाळी मागे पडते, वारा पडतो आणि दिल्लीच्या रुंद रस्त्यांवर पाण्याचे टँकर फिरू लागतात. टँकरवरच्या नळीतून सुटलेला फवारा रस्त्यावर पडतो, दुभाजकावर पडतो आणि कडेने उभ्या असलेल्या कडुनिंब, जांभूळ, सप्तपर्णी यांच्या पानांवरही पडतो. पानांवरची धूळ खाली बसावी, ती पुन्हा हवेत उडू नये, हा त्यामागचा हेतू. एवढ्या फवारणीला पिण्याचे पाणी कुठून आणायचे, म्हणून पुष्कळदा सांडपाणी-प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडलेले पाणी वापरले जाते. बातमीत टँकरांची संख्या येते, लिटर येतात, दुसऱ्या दिवशीचा हवेचा निर्देशांक येतो. धुळीबरोबर पानावरून आणखी काय वाहून गेले आणि त्या पाण्यातून पानावर नव्याने काय येऊन बसले, हा प्रश्न मात्र बातमीत येत नाही. तो प्रशासनाच्या कागदांत येत नाही आणि, याचे जास्त वाईट वाटावे, विज्ञानाच्या चर्चेतही क्वचितच येतो.

पान म्हणजे हिरवा, कोरा पृष्ठभाग, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. हवेतली धूळ अडवणारी एक जाळी, एवढाच त्याचा उपयोग शहराच्या नियोजनात धरलेला असतो. प्रत्यक्षात पानावर वस्ती असते. समशीतोष्ण प्रदेशातील मोजणीनुसार पानाच्या एका चौरस सेंटिमीटरवर सरासरी १० लाख ते १ कोटी जीवाणू सापडतात. जगातील सर्व पानांच्या दोन्ही बाजू मिळून होणारे क्षेत्रफळ सुमारे ६४ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या जमिनीच्या चौपटीहून अधिक असावे, असा अंदाज लिंडो आणि ब्रँडल यांनी २००३ मधील आपल्या आढाव्यात दिला होता. त्यावर राहणाऱ्या जीवाणूंची संख्या एकावर सव्वीस शून्ये दिली तर येईल त्या घरातली. मातीतल्या आणि समुद्रातल्या जीवसृष्टीचा अभ्यास मोठ्या जोमाने झाला. या तिसऱ्या, डोळ्यांसमोर सळसळणाऱ्या प्रदेशाकडे लक्ष जायला उशीर लागला.

तसे नाव जुने आहे. याकोबा रुइनेन या डच संशोधक इंडोनेशियातील झाडांच्या पानांवर हवेतला नायट्रोजन बांधणारे बायेरिंकिया जातीचे जीवाणू शोधत होत्या. त्यांचा छोटा शोधनिबंध १९५६ मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि मुळांभोवतीच्या प्रदेशाला जसे स्वतंत्र नाव होते, तसे पानाच्या पृष्ठभागालाही 'फायलोस्फियर' हे नाव रूढ होऊ लागले. मराठीत त्याला पर्णपृष्ठ म्हणता येईल. ही सुरुवात उष्ण कटिबंधातली होती, हे विशेष. पुढे हे शास्त्र उत्तरेकडे सरकले आणि आज शहरातल्या पानांविषयी जे काही खात्रीने सांगितले जाते, त्यातले बहुतेक थंड प्रदेशातल्या शहरांकडून आलेले आहे.

पानावर राहणे सोपे नाही. दुपारी ऊन भाजते, अतिनील किरण डीएनए तोडतात, पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि अन्न म्हणाल तर पानातून झिरपणाऱ्या साखरेचे तुरळक थेंब. तरीही काही जीवाणूंनी इथे कायमचे बस्तान बसवले आहे. गुलाबी रंगाचा मिथायलोबॅक्टेरियम हा त्यांतला सर्वांत देखणा. वाढत्या पानाच्या पेशीभित्तिका सैल होताना पेक्टिनमधून थोडे मिथेनॉल सुटते, ते पर्णरंध्रांवाटे बाहेर येते आणि हा जीवाणू त्यावर जगतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हे दाखवता येते. मिथेनॉल हाच एकमेव कार्बनस्रोत असलेल्या आगारवर ताजे पान अलगद दाबून उचलायचे आणि काही दिवस थांबायचे. बशीत पानाच्या आकाराचा गुलाबी ठसा उमटतो. एकदा तो ठसा पाहिलेला विद्यार्थी पानाला पुन्हा कोरे म्हणत नाही.

हा जीवाणू भारताला अपरिचित नाही. तमिळनाडू कृषी विद्यापीठ त्याची द्रवरूप फवारणी कोरडवाहू पिकांना ताण सोसण्यासाठी शिफारस करते. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सापडलेल्या त्याच्या एका नव्या जातीला मिथायलोबॅक्टेरियम अजमलाय हे नाव देण्यात आले. अन्नामलाई विद्यापीठातील जैवविविधतेचे अभ्यासक अजमल खान यांच्या स्मरणार्थ ते होते आणि त्या कामात हैदराबाद विद्यापीठाचे संशोधक सहभागी होते. देशभरातील वृत्तपत्रांनी ती बातमी आनंदाने छापली. अवकाशातल्या मिथायलोबॅक्टेरियमला पहिले पान मिळते. रस्त्यावरच्या कडुनिंबावरच्याला आतले पानही मिळत नाही. हा दोष वृत्तपत्रांचाच आहे असे नाही. तिथे बातमी देण्याजोगे काम पुरेसे झालेले नाही.

शहर या वस्तीचे काय करते? सहज सुचणारे उत्तर असे की, धूर, धातू आणि उष्णता यांनी जीवाणू मरतात, वस्ती विरळ होते, प्रकार कमी होतात. कॅनडातील माँट्रियल शहरात लाफोरे-लापोआंत, मेसिए आणि केंबेल यांनी सात जातींच्या झाडांची पाने शहरीकरणाच्या चढत्या पायऱ्यांवरून गोळा केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष या सहज उत्तराच्या उलट होता. शहरीकरण जितके दाट, तितकी पानावरील जीवाणूंची विविधता अधिक होती. त्याचबरोबर त्या समूहाची रचना नैसर्गिक परिसरातील झाडांच्या रचनेपासून दूर गेली होती. बेल्जियममधील अँटवर्प शहरात आयव्हीच्या पानांवर झालेल्या अभ्यासातही शहरी आणि बिगरशहरी पानांवरचे समूह वेगळे निघाले.

विविधता वाढली म्हणजे बरेच झाले, असे वाचणाऱ्याला वाटेल. इथे थोडे थांबायला हवे. नवी दिल्ली स्थानकाच्या फलाटावर एखाद्या गावापेक्षा अधिक भाषा ऐकू येतात. म्हणून फलाट हे अधिक चांगले गाव ठरत नाही. शहरातल्या पानावर मातीची धूळ येते, बांधकामाची धूळ येते, माणसांच्या त्वचेवरून उडालेले कण येतात, गटारांवरचे तुषार येतात, पक्षी बसतात. प्रत्येक वाटेने वेगळे जीवाणू येतात. त्यांतले किती तिथे स्थायिक होतात, किती नुसते पडून राहतात आणि किती केव्हाच मेलेले असतात, हे डीएनएचे अनुक्रमण सांगत नाही, कारण मेलेल्या पेशीचा डीएनएही वाचला जातो. वर हरितलवकांचा डीएनए जीवाणूंच्या डीएनएशी इतके जुने नाते सांगतो की, काळजी घेतली नाही तर वाचलेल्या अनुक्रमांपैकी मोठा भाग खुद्द पानाचाच निघतो. शिवाय ही पद्धत प्रमाण सांगते, संख्या सांगत नाही. एखादा गट वीस टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांवर गेला, तर तो वाढला की बाकीचे मेले, हे वेगळे मोजावे लागते. शहरी पानांविषयीचे पुष्कळसे निष्कर्ष वाचताना विद्यार्थ्यांनी ही तीन पथ्ये पाळली, तर निम्मा गोंधळ टळेल.

या सगळ्यात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट पाण्याची आहे आणि ती निव्वळ भौतिकशास्त्राची आहे. जीवाणूची लांबी साधारण एक मायक्रोमीटर. दहा लाख जीवाणू एका थरात पसरले तरी ते एक चौरस सेंटिमीटर पानाचा जेमतेम शंभरावा भाग झाकतील. त्यामुळे पान हा त्यांच्यासाठी दाटीवाटीचा प्रदेश नसून मोठे वाळवंट आहे आणि त्यात शिरांच्या खाचा, लवीची मुळे, पर्णरंध्रांचे काठ ही पाणवठ्याची ठिकाणे आहेत. जीवाणू तिथेच घोळक्याने सापडतात. त्यांचे जगणे-मरणे डोळ्यांना दिसणाऱ्या दवावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच न दिसणाऱ्या ओलाव्यावर असते. इस्रायलमधील हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की, वरून कोरड्या वाटणाऱ्या पृष्ठभागावरही जीवाणूंच्या घोळक्यांभोवती काही मायक्रोमीटरचे थेंब टिकून राहतात आणि मोठ्या थेंबातील पेशी अधिक संख्येने जगतात.

हे थेंब टिकतात ते क्षारांमुळे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. शुद्ध सोडियम क्लोराइड सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपुढे गेली की हवेतले बाष्प ओढून स्वतःच त्यात विरघळते. अमोनियम सल्फेटसाठी हा उंबरठा ८० टक्क्यांच्या आसपास आहे, अमोनियम नायट्रेटसाठी त्याहून बराच खाली, आणि क्षार मिसळलेले असले की मिश्रणाचा उंबरठा प्रत्येक सुट्या क्षारापेक्षा कमी होतो. त्याहून गमतीची गोष्ट परतीच्या वाटेवर घडते. एकदा पाणी सुटलेले अमोनियम सल्फेट हवा ८० टक्क्यांखाली कोरडी झाली म्हणून लगेच पुन्हा स्फटिक होत नाही. ४० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही खाली येईपर्यंत ते थेंबाच्याच रूपात राहू शकते. चुंबकत्वाच्या पाठात शिकलेला हिस्टेरेसिस इथे पानावर भेटतो.

शहराच्या हवेतील सूक्ष्म कणांचा मोठा हिस्सा याच क्षारांचा असतो. दिल्लीच्या बाबतीत त्यात क्लोराइडची भर पडते. आयआयटी मद्रासचे सचिन गुंथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ च्या आरंभी 'नेचर जिओसायन्स'मध्ये दाखवले की, दिल्लीच्या हिवाळी धुरक्यातील कणांच्या फुगण्यामागे आणि दृश्यमानता घटण्यामागे अमोनियम क्लोराइडचा फार मोठा हात आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ अमोनियाशी संयोग पावते, कण पाणी शोषतात, फुगतात आणि समोरचे दिसेनासे होते. प्लास्टिकयुक्त कचरा जाळणे आणि काही औद्योगिक प्रक्रिया यांकडे त्यांनी बोट दाखवले. या संशोधनाची चर्चा धुके आणि विमानोड्डाणे यांच्या अंगाने झाली. पण हेच कण पानांवरही बसतात. हवेत तरंगताना जो क्षार बाष्प ओढतो, तो पानावर बसल्यावर ओढायचे थांबवत नाही.

यातून एक सरळ, तपासता येण्याजोगा अंदाज निघतो. दिल्लीतील डिसेंबरच्या रात्री आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे जाते, तेव्हा मळलेल्या पानावर क्षारांचा ओला पापुद्रा तयार होईल आणि सकाळी स्वच्छ पान वाळून गेल्यावरही तो काही तास टिकेल. प्रदूषणाने पानावरचा मेणाचा थर झिजतो, पाणी गोळा होऊन घरंगळण्याऐवजी पसरते, हेही त्यात मिळवायचे. म्हणजे घाण पान हे जीवाणूंसाठी अधिक विषारी आणि अधिक ओले, दोन्ही एकाच वेळी असू शकते. त्या ओलाव्यात विरघळलेल्या क्षाराचे प्रमाण मात्र फार जास्त असणार. तिथे टिकतील ते खारटपणा सोसणारे, धातू सोसणारे. 'शहर जीवाणूंना मारते' आणि 'शहर जीवाणूंना वाढवते' या दोन्ही विधानांपेक्षा 'शहर निवड करते' हे विधान खरे ठरण्याची शक्यता अधिक.

निवडीचे दुसरे साधन अन्नाचे. इंधनाच्या धुरातील सेंद्रिय रसायने पानाच्या मेणात साठतात. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात ग्विन बीटी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये फिनॉलच्या वाफेवर प्रयोग केले. पानावर फिनॉलचे प्रमाण हवेतल्यापेक्षा किमान दहापट झाले आणि ते जीवाणूंच्या हाती लागेल अशा जागी साठले. फिनॉल पचवू शकणारा जीवाणू असलेल्या पानांतून, ती क्षमता नसलेल्या जीवाणूच्या पानांपेक्षा आठपट खुणेचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. प्रदूषित परिसरातून आणलेल्या ग्रीन अॅश झाडाच्या पानांवरचे नैसर्गिक समूहही हे काम करताना दिसले. उष्ण कटिबंधातील शहराचे उदाहरण हवे असेल तर बँकॉकचे आहे. तिथल्या शोभेच्या झाडांच्या पानांवर धुरातील बहुचक्रीय हायड्रोकार्बने पचवणारे जीवाणू सापडल्याची नोंद २०१० मधील आहे.

अशा निष्कर्षांवरून लगेच 'झाडावरचे जीवाणू शहराची हवा स्वच्छ करतील' असे मथळे तयार होतात आणि त्यामागोमाग फवारणीच्या बाटल्याही बाजारात येऊ शकतात. म्हणून एक साधा हिशेब इथेच करून ठेवणे बरे. दहा मीटर व्यासाचा माथा असलेले डेरेदार झाड घ्यावे. माथ्याखालील जमीन सुमारे ७८ चौरस मीटर. पानांचे एकावर एक पाच थर आहेत असे धरले, तर पानांचे क्षेत्रफळ साधारण ३९० चौरस मीटर आणि दोन्ही बाजू मिळून जवळजवळ ८०० चौरस मीटर, म्हणजे ८० लाख चौरस सेंटिमीटर. प्रत्येकावर १० लाख जीवाणू धरले तर ८ लाख कोटी. आकडा भव्य आहे. पण एका जीवाणूचे वजन एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाएवढे, तेव्हा अख्ख्या झाडावरच्या जीवाणूंचे एकत्र वजन भरेल ८ ग्रॅम. दसपट दाटी धरली तरी ८० ग्रॅम. एका वाटीत मावेल एवढे. एवढ्याशा जीवद्रव्याने ट्रकांच्या रांगेचा धूर फस्त करावा, ही अपेक्षा त्या जीवाणूंवरही अन्याय करणारी आहे. धूर कमी करण्याचे काम धुराच्या उगमापाशीच करावे लागते.

मग ८ ग्रॅमची एवढी चिंता कशासाठी? कारण हे ८ ग्रॅम झाडासाठी निर्णायक असू शकतात. स्यूडोमोनास सिरिंजीचे काही वाण पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या जोरावर उणे २ अंशांच्या आसपासच पाण्याचे बर्फ करून दाखवतात, जे पाणी एरवी आणखी कितीतरी खाली द्रवच राहिले असते. तेवढ्याने पिकाचे हिमदंशाने नुकसान होते. उलट पानावर आधीच बसलेले निरुपद्रवी जीवाणू रोगजंतूंना जागा आणि अन्न मिळू देत नाहीत. भाताच्या करपा रोगाविरुद्ध पानावरच्या जीवाणूंचा उपयोग करता येईल का, यावर दिल्लीच्याच भारतीय कृषी संशोधन संस्थेत काम झाले आहे. लाफोरे-लापोआंत आणि सहकाऱ्यांच्या माँट्रियलजवळील एका वृक्षप्रयोगात पानावरील जीवाणूंची विविधता आणि झाडांची उत्पादकता यांचा परस्परसंबंध आढळला; तो 'नेचर'मध्ये २०१७ मध्येच आला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. पण झाडे लावून ती जगवण्यावर पैसा ओतणाऱ्या देशाला त्याकडे काणाडोळा करणे परवडू नये.

भारताने पानाकडे पाहिलेच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. बनारस हिंदू विद्यापीठातील सिंह आणि राव यांनी १९८३ मध्ये झाडांचा वायुप्रदूषण-सहिष्णुता निर्देशांक मांडला. अॅस्कॉर्बिक आम्ल, हरितद्रव्य, पानाच्या रसाचा सामू आणि सापेक्ष जलांश या चार मोजमापांचे ते साधे सूत्र. रसायनशास्त्राच्या कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत ते बसते, म्हणूनच ते देशभर पसरले. त्यावर भारतात लिहिल्या गेलेल्या निबंधांची गणती करणे अवघड आहे. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयातही एखादा पदव्युत्तर प्रकल्प या निर्देशांकावर सापडतो. मिझोरममधील ऐझॉलमध्ये रस्त्याकाठच्या पानांचे चुंबकीय गुणधर्म मोजून धुळीतल्या लोहकणांचा माग काढण्याचेही काम झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरितपट्ट्यांची मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्येच काढली होती. म्हणजे पाने तोडून आणणे, धुणे, वाळवणे, वजन करणे यांची सवय देशाला चाळीस वर्षांची आहे. चाळीस वर्षे पान धुतलेले पाणी मोरीत ओतले गेले आणि जीवाणू त्यात गेले.

सहिष्णुता निर्देशांकाचे मूळ गृहीतक असे की, प्रदूषण सोसण्याची ताकद झाडाच्या आत असते. तिचा काही भाग पानाच्या बाहेर बसलेल्या वस्तीकडून येत असेल तर? मग एकाच जातीचे झाड बागेत एक निर्देशांक देईल आणि चौकात दुसरा, आणि ती तफावत आजवर 'परिसराचा परिणाम' अशा गोलमोल शब्दांत गुंडाळली जात आली असेल. जुन्या निबंधांमधील विखुरलेले आकडे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत.

परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावावेत, हाही मार्ग नव्हे. माँट्रियलच्या मेपलचे पान वसंतात फुटते आणि शरदात गळते. त्याचे सगळे आयुष्य काही महिन्यांचे. पिंपळाची तांबूस पालवी वसंतात येते आणि तीच पाने उन्हाळा, पावसाळा, धुरके, थंडी असे सगळे पाहून जवळजवळ वर्षाने गळतात. मे महिन्यात आर्द्रता दुपारी पंचवीस टक्क्यांच्या खाली, जुलैत दिवसेंदिवस पाऊस, डिसेंबरात धुके. एकाच पानावर तीन वेगवेगळे ग्रह नांदून जातात. मुसळधार पाऊस पान धुऊन काढतो आणि नव्या जीवाणूंना तिथे रुजायची संधीही देतो. माँट्रियलच्या अभ्यासात उन्हाळ्यातील एक नमुना पुरला असेल. इथे एका नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष हा त्या महिन्याचा निष्कर्ष असेल, शहराचा नव्हे.

याच विषमतेत भारताची मोठी संधी दडलेली आहे आणि तिची किंमत फारशी नाही. कडुनिंब दिल्लीत आहे आणि चेन्नईतही आहे. नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या कडुनिंबावर धुरके बसत असते, त्याच आठवड्यांत चेन्नईच्या कडुनिंबावर ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो. जुलैत हे चित्र बरेचसे उलटते: दिल्लीचे पान पावसात न्हाते, चेन्नईला त्यामानाने थोडी सर मिळते. झाडाची जात तीच, दोन्ही महानगरे, वाहनांचा धूर दोन्हीकडे. पावसाचे वेळापत्रक तेवढे वेगळे. प्रयोगशाळेत लक्षावधी रुपये खर्चून जो तुलनात्मक प्रयोग रचावा लागेल, तो निसर्गाने दरवर्षी फुकट मांडून ठेवलेला आहे. समान वयाची पाने, समान उंचीवरून, दोन्ही शहरांत दर महिन्याला तोडली, तर धूळ, ओलावा आणि पाऊस यांचा वाटा वेगवेगळा काढण्याची आशा धरता येते.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि आज त्याच्या कक्षेत १३० शहरे आहेत. अनेक ठिकाणची स्वयंचलित केंद्रे सूक्ष्म कणांबरोबर तापमान आणि आर्द्रताही नोंदवतात. पर्णपृष्ठाच्या अभ्यासाला लागणारी अर्धी माहिती अशा रीतीने आधीच जमा होत आहे. त्या केंद्रांच्या कुंपणालगत उभ्या असलेल्या दोन-चार झाडांची पाने महिन्यातून एकदा तोडायची, ठरावीक द्रावणात हलवून जीवाणू सुटे करायचे, निम्मा नमुना बशीवर वाढवून मोजायचा आणि निम्मा गोठवून ठेवायचा, एवढेच नवे काम. अनुक्रमण पुढे, पैसा मिळेल तेव्हा करता येईल. गोठवलेला नमुना थांबून राहतो. जीवाणूंचे वाण जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहेच. याला नव्या मोहिमेची घोषणा लागत नाही, नव्या इमारतीची तर मुळीच नाही. जवळच्या महाविद्यालयाशी करार आणि शीतपेटीचा विजेचा खर्च, इतकी ही बाब आहे.

आक्षेप येईल की, ज्या शहरांत माणसांच्या फुप्फुसांची मोजणी धड होत नाही, तिथे पानांवरच्या जीवाणूंचे हे लाड कशाला? आक्षेप रास्त आहे आणि निधीची वाटणी माणसांपासूनच सुरू व्हावी. पण इथे माणूस आणि पान यांच्यात निवड करायची नाही. झाडे लावण्यावर आणि पाणी फवारण्यावर पैसा खर्च होतोच आहे. क्युबेकच्या जंगलांत पानावरील जीवाणू-समूहावर जागा आणि ऋतूपेक्षाही झाडाच्या जातीची छाप अधिक असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. तसेच इथेही असेल, तर दुभाजकावर ओळीने एकच जात लावणारा उद्यान विभाग नकळत जीवाणूंचीही एकच वसाहत लावत असतो. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो म्हणून तो शहराशहरांत लावला गेला आणि मग २०२३ मध्ये गुजरातला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. झाड निवडताना वाढीचा वेग आणि किंमत एवढेच पाहिले की काय होते, याचा तो ताजा धडा.

पाण्याचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. सांडपाण्यावरची नेहमीची प्रक्रिया प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू आणि तशी जनुके पूर्णपणे काढून टाकत नाही, हे जगभरच्या मोजमापांतून माहीत आहे. रस्त्याच्या धुळीत ब्रेक आणि टायर यांच्या झिजेतून आलेले तांबे आणि जस्त असते आणि धातू सोसणारी जनुके व प्रतिजैविके सोसणारी जनुके पुष्कळदा एकाच डीएनए-तुकड्यावर शेजारी बसलेली असतात. धातूची धूळ, ओला क्षार आणि वरून प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा फवारा: अशा जनुकांची निवड आणि देवघेव व्हायला याहून सोयीची जागा मुद्दाम शोधूनही मिळणे कठीण. तसे प्रत्यक्षात होतेच, असा दावा इथे नाही. पानावरचे ऊन आणि कोरडेपणा हे सांडपाण्यातल्या जीवाणूंना एका दुपारीत संपवतही असतील. दोन्ही शक्यता खुल्या आहेत आणि त्यांतली कोणती खरी, हे ठरवायला महासंगणक लागत नाही.

एकाच रस्त्यावरचे नऊ कडुनिंब पुरतात. तिघांवर प्रक्रिया केलेले पाणी, तिघांवर साधे नळाचे, तिघांवर काहीच नाही. फवारणीच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पाने तोडायची, जीवाणू मोजायचे, नेहमीच्या चार-पाच प्रतिजैविकांच्या बशांवर वाढवून पाहायचे. सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी एका सत्रात हे काम करू शकतो. पालिकेने फक्त टँकरचे वेळापत्रक आणि पाण्याचा स्रोत त्याला कळवायचा आहे, आणि न फवारायच्या झाडांवर चुकून फवारा जाणार नाही एवढे चालकाला सांगायचे आहे. टँकर नोव्हेंबरमध्ये निघतात. झाडे ऑक्टोबरमध्ये निवडून त्यांच्यावर खूण करून ठेवावी लागेल.